ओरेत्ताची वखार

इटलीतल्या आमच्या प्रातो शहरात चिंध्यांवर जगलेल्या माणसाला त्याची लाज वाटत नाही. का वाटावी? जगाने अंगावरून उतरवलेले लोकरीचे कपडे गठड्या बांधून आमच्याकडे येतात. आम्ही ते रंगांप्रमाणे निवडतो, बटणं, चेन, अस्तर, शिवणी कापून काढतो आणि साफ झालेला माल गिरणीत पाठवतो. तिथे त्याची पुन्हा लोकर होते, लोकरीचं सूत होतं, सुताचं कापड होतं. माझी आई हेच करायची, तिची आईही हेच करायची. हल्ली ब्रुसेल्सहून, युरोपच्या कचेरीतून, सुटाबुटातली माणसं येतात, आमच्या ढिगासमोर उभं राहून फोटो काढतात आणि याला वर्तुळाकार अर्थव्यवस्था म्हणतात. म्हणोत बापडे. आम्ही याला चिंध्या निवडणं म्हणतो.

ओरेत्ता मेनिकेत्ती या धंद्यातल्या उरल्यासुरल्या लोकांपैकी एक. नदीच्या पलीकडे, टायरवाल्याच्या मागे तिची वखार. मी दीना, तिच्याकडे कामाला. म्हणजे पगार ती देते म्हणून कामाला म्हणायचं, नाहीतर आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो आणि तेव्हाही ती मला असंच रागवायची. बुटकी, जाडसर, आवाज असा की रस्त्यावरचा टेम्पो थांबावा. तोंडात सदान्‌कदा न पेटवलेली सिगारेट, कारण लोकरीच्या ढिगात पेटवता येत नाही आणि बाहेर जायला वेळ नाही. वखार तिच्या सासऱ्याची होती. लग्न करून आली ती थेट ढिगात. "मला नवरा नाही दिला गं, गठडी दिली," असं ती म्हणायची आणि मग लोरियानोकडे बघून हसायची.

लोरियानो तिचा नवरा. अख्ख्या प्रातोत त्याचं एकच नाव होतं, साफ माल. त्याची गठडी गिरणीवाले न उघडता घ्यायचे. बसायच्या फळीवर विळीसारखं उभं पातं असतं आमच्याकडे. कपडा त्यावर ओढायचा की शिवण उसवते. लोरियानोच्या हातात स्वेटर आला की पहिल्या झटक्याला मानेचं लेबल उडायचं. ते आमच्याकडे सगळेच करतात. एक तर लेबलवर लिहिलेलं खरं असेलच असं नाही, आणि दुसरं म्हणजे लेबलची नायलॉनची चिंधी लोकरीत राहिली तर पुढे कापडात पांढरी गाठ दिसते आणि गिरणीवाला शिव्या घालतो. नवीन पोरीच्या ढिगात लेबल सापडलं तर लोरियानो ते थुंकी लावून तिच्या कपाळावर चिकटवायचा आणि दिवसभर काढू द्यायचा नाही. मीही मिरवलंय एकदा. संध्याकाळी बसमध्ये लोक हसायला लागले तेव्हा कळलं की अजून कपाळावरच आहे.

त्या माणसाच्या डोक्याला मग वाळवी लागली. दुसरा शब्द मला येत नाही. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग माणसं. ओरेत्ताला कधी ओळखायचा, कधी नाही. घरात तर तो क्षणभर टिकायचा नाही. ऑगस्टमध्ये वखार बंद असते, तेव्हा त्याने दाराची काच फोडली आणि सपाता घालून हायवेवर चालायला लागला. एका ट्रकवाल्याने उचलून आणला. ओरेत्ताने कपड्यांची पिशवी घरी नेऊन त्याच्यापुढे ओतली, म्हटलं इथेच बस निवडत. त्याने ती गॅलरीतून खाली फेकली. "जेवायच्या खोलीत चिंध्या? डुकरं आहात का तुम्ही?" असं ओरडला. चुकीचं काय बोलला? जन्मभर त्याने कामाचा कोट वखारीतच काढून ठेवला होता.

पण वखारीत आणलं, फळीवर बसवलं की तोच माणूस गपगार. हात चालू. निळा इकडे, राखाडी तिकडे, तपकिरीतला गडद वेगळा, फिका वेगळा. पात्यावर एकदाही बोट कापलं नाही. दुपारी पाव आणि सॉसेज खायचा, आम्हाला आळशी म्हणायचा, पुन्हा बसायचा. त्याचं नाव आता कामगारांच्या यादीत नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. कुणी तपासायला आलं की मी त्याला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या बारमध्ये न्यायची. असं आमचं चाललं होतं.

त्यांचा मुलगा दारियो तोरिनोला असतो. तो फोनवर एकच म्हणायचा, "आई, बाबांना वृद्धाश्रमात ठेव." ओरेत्ता एकदा जाऊन बघून आली. टेकडीवर आहे, झाडं आहेत, नर्सही प्रेमळ. पण सगळी माणसं टीव्हीसमोर खुर्च्यांत बसवलेली, आणि जी उठून चालायला लागतात त्यांच्या पोटावरून पट्टा. आल्यावर म्हणाली, "दीना, वखार चालू आहे तोवर लोरियानो माझ्याजवळ आहे. वखार बंद पडली की त्याला पट्टा बांधणार. एवढंच आहे बघ. बाकी मला काही कळत नाही."

आणि वखार बंद पडायलाच आली होती. कपड्यांत आता लोकर कुठे? गठडी सोडावी तर नुसतं प्लास्टिक, एकदा धुतलं की फेकायचं. जो थोडा चांगला माल येतो तो शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यात जातो. तिथे मशीन आहे, डोळा मारल्यागत उजेड पाडतं आणि कपडा कशाचा ते सांगतं. आमच्या गल्लीत एकेक शटर खाली येत गेलं. बांदिनीचं गेलं, दोघा भावांचं गेलं. आम्ही तिघं उरलो, मी, ओरेत्ता आणि तिचा वेडा.

त्यात मिलानच्या एका मोठ्या कपडे कंपनीचा निरोप आला. ब्रुसेल्सच्या नव्या नियमांमुळे आता सगळ्यांनाच जुन्या कपड्यांपासून केलेलं कापड हवंय, आणि नुसतं हवं नाही तर ते खरंच जुन्या कपड्यांचं आहे याचा पुरावाही हवा. हाताने निवडणारी एक छोटी वखार त्यांना कायमची जोडायची होती. काही वर्षांचं काम. अट अशी, की ते एक परीक्षेचा ढीग पाठवतील. त्यातल्या प्रत्येक कपड्याचा त्यांनी लेबलसकट फोटो काढलेला असेल. त्यांची बाई येईल, एकेक लेबल स्वतः तपासेल, आणि मगच, तिच्या डोळ्यांदेखत, आम्ही कापायला सुरुवात करायची. तोवर ढिगाला हात लावायचा नाही.

"हात लावायचा नाही म्हणजे नाही!" ओरेत्ता मला दहादा म्हणाली. शुक्रवारी ढीग आला, तो तिने मागच्या कोपऱ्यात लावला, भोवती लाल दोरी बांधली. छान लोकर होती हो, कित्येक दिवसांत असा माल बघितला नव्हता. माझे हात शिवशिवत होते.

"बघतेस काय अशी? हात मागे घे," ओरेत्ता म्हणाली.

"मी काही नाही करत."

"तुझी बोटं वळवळतायत."

खरंच वळवळत होती. आम्ही दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसलो. सोमवारी बाई येणार होती. ओरेत्ताने केस रंगवून घेतले, वखारीच्या काचा पुसल्या, पाती धार लावून आणली. मी तिला इतक्या आशेत कधी बघितलं नव्हतं आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

रविवारी घरी लोरियानो ऐकेना म्हणून ती त्याला वखारीत घेऊन आली. त्याच्यापुढे राखाडी चिंध्यांचा रोजचा ढीग टाकला आणि पुढच्या खोलीत कागद नीट लावत बसली. त्याच्या येरझाऱ्यांनी तिला कित्येक रात्री झोप नव्हती. टेबलावर डोकं टेकलं, एक मिनिट, असं म्हणून. आत पात्यावर कपडा ओढल्याचा आवाज येत होता, म्हणजे तो कामात आहे, ठीक आहे. त्या आवाजावरच तिला झोप लागली.

उठली तेव्हा अंधारून येत होतं. आत गेली तर लाल दोरी नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेली. लोरियानो फळीवर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, चेहऱ्यावर दिवसाचं काम उरकल्याचं समाधान. परीक्षेचा ढीग त्याच्या डाव्या हाताला, रंगांप्रमाणे लावलेला. उजव्या हाताला पाटी. पाटीत सगळी लेबलं.

तिने मला फोन केला. नुसती "ये, ये" म्हणत होती. मला वाटलं म्हातारा गेला. चप्पल घालून पळत आले. आल्यावर लोरियानोने मलाच झाडलं, "लेबलांसकट माल टाकून गेलीस? लाज वाटते का? मी होतो म्हणून साफ झाला."

"हो रे बाबा, तू होतास म्हणून," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ओरेत्ता जमिनीवर बसली होती, पाटी मांडीत. एक लेबल उचलायची, एक स्वेटर उचलायची, मानेजवळ लावून बघायची. दोरा निळा, मान निळी, बसतं का? नाही बसत. दुसरं. तिसरं. "सुई आण," म्हणाली. मी म्हटलं, "ओरेत्ता, फोटो आहेत त्यांच्याकडे. कुठलंही कुठेही शिवलं तर ते लगेच ओळखतील. वर चोर ठरू."

"ठरू दे चोर! तुझ्या बापाचं काय जातं? चोर म्हण, रांड म्हण, काय हवं ते म्हण, पण सुई आण!"

आणली सुई. काय करणार होते? दोघी बसलो. पोराच्या मापाचं लेबल धिप्पाड माणसाच्या स्वेटरला लागत होतं. काळ्या मानेचे स्वेटर ढिगाने आणि त्या सगळ्यांच्या लेबलांना काळाच दोरा. ओरेत्ताच्या बोटातून रक्त यायला लागलं आणि ते एका पांढऱ्या स्वेटरवर पडलं. तेव्हा तिने सुई खाली ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक ऐकला मी. "दीना, सांगू का? हा ढीग मी याच्यासाठीच घेतला होता गं. याच्यासाठीच."

मला लोरियानोचा इतका राग आला की त्याची मानगूट धरावी. आणि तो तिथे उभा होता, कोट घालून, घरी जायची वाट बघत.

शेवटी ओरेत्तानेच वाट काढली. "मी सांगेन मी कापलं. सवयीने. प्रातोची बाई झोपेतही लेबल कापते, हे कुणालाही पटेल. पाय धरेन. दुसरा ढीग मागेन. फक्त सकाळी तू याला बारमध्ये ने आणि ती जाईपर्यंत आणू नकोस."

सकाळी मी त्याला वखारीतून बारमध्ये न्यायला गेले तर साहेब हलायला तयार नाहीत. दाढी केलेली, केस ओले करून चापून बसवलेले. "कॉफी नंतर. गिराईक माझा माल बघायला येतंय आणि मी बारमध्ये जाऊन बसू?" कुठून कळलं त्याला कोण जाणे. नाव लक्षात राहत नाही, पण पुसलेल्या काचा बघून गिराईक येणार हे बरोबर कळलं. मी ओढलं, गोड बोलले, बदामाच्या बिस्किटांचं आमिष दाखवलं. त्याने फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मग मी त्याला मागच्या गठड्यांआड बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिले.

कंपनीची बाई बेनेदेत्ता. दारियोच्या वयाची असेल. मी भांडायच्या तयारीत होते, पण पोरगी साधी निघाली. ढीग बघून तिचा चेहरा पडला. ओरेत्ताने घडाघडा सांगून टाकलं. "मी कापलं. माझा हात माझं ऐकत नाही. आमच्याकडे लेबल ठेवणं म्हणजे पाप. मला एकदा आणखी संधी द्या, मॅडम. तुम्ही म्हणाल तर हात बांधून बसते."

बेनेदेत्ताने एक स्वेटर उचलला, मान बघितली, दुसरा बघितला. मग चक्क हसली. "माझी आत्या इथलीच. तिने नवीन कपडा घेतला की दुकानातच लेबल कापायला बघते." तिने हातातला स्वेटर खाली ठेवला. "बघते मी. दुसरा ढीग मागता येईल. पण जबाबदारी एकाच माणसाची हवी. या वखारीत पात्यावर फक्त तुम्हीच बसता, दुसरं कुणी नाही, असं लिहून देता येईल का?"

"आत्ता देते!" ओरेत्ता म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. देवाशपथ, तिचे डोळे लग्नातल्यासारखे झाले होते.

आणि मागून आवाज आला, "ही? ही कापणार?"

लोरियानो गठड्यांआडून बाहेर आला होता. मी दंड धरला तर झटकून टाकला. "हिला धड पातं धरता येतं का विचारा! कापलंय बघा कसं, एक धागा तुटलेला नाही. ही माझी कापणी आहे. सगळ्या प्रातोला माहीत आहे." आणि त्याने स्वेटर उचलला, पात्याला लावला, आणि त्या पोरीकडे बघत, पात्याकडे न बघता, शिवण सर्रकन ओढून दाखवली.

बेनेदेत्ता दचकून मागे झाली. "काका, तुम्ही इथे काम करता?"

"लहानपणापासून. मागे माझे वडील आहेत, गठडी सोडतायत, त्यांना विचारा."

मागे कुणी नव्हतं. ती मागे बघून आली, मग त्याच्याकडे बघत राहिली, मग ओरेत्ताकडे. सगळं कळलं तिला. ओरेत्ता म्हणाली, "तो काही करत नाही. तो फक्त बसतो. मॅडम, तो फक्त बसतो हो."

मी मध्ये पडले. मी त्या पोरीला म्हटलं, "तू काही बघितलं नाहीस. चांगल्या घरची दिसतेस, काही बघितलं नाहीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, उद्या यांचा हात त्या पात्यात गेला तर? आणि मी आज बघून गप्प बसले असेन तर?"

तिने ओरेत्ताचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की आजारी माणूस पात्यावर बसतो हे तिला कळवावंच लागेल, कंपनीचं काम आता मिळणार नाही, आणि सरकारी माणसं आली तर वखारीला टाळं लागेल. काकांना आता इथे आणू नका, असंही म्हणाली. मग गाडीत बसून निघून गेली.

ओरेत्ता परीक्षेच्या ढिगावर बसली, पाय पुढे पसरून, आणि मोठ्याने रडायला लागली. ती रडते कशी तेच मला माहीत नव्हतं. सासरा गेला तेव्हा रडली नाही, डॉक्टरने लोरियानोचं सांगितलं तेव्हा रडली नाही. मी पाणी आणलं, तिने ग्लास फेकला. मला म्हणाली, जा इथून. मी गेले नाही, पण जवळ जायचीही हिंमत झाली नाही.

लोरियानो तिच्याजवळ गेला. आधी टोपी काढली, हातात धरली, आणि तिच्यासमोर थोडा वाकून उभा राहिला. परक्या बाईशी तो असाच अदबीने बोलायचा.

"बाई, रडू नका. काय झालं? काम सुटलं का तुमचं?"

ओरेत्ताने वर बघितलं. मग मान हलवली, हो म्हणून.

"मग एवढंच ना? इथे या की. वखार आमचीच आहे. माझी बायको तोंडाने जरा फटकळ आहे, पण तिच्याकडे लक्ष देऊ नका, मनाची फार चांगली आहे. मी सांगतो तिला, ती नाही म्हणणार नाही."

ओरेत्ताने बाहीने तोंड पुसलं. "कधीपासून येऊ?"

"उद्यापासूनच या," लोरियानो म्हणाला. "सकाळी लवकर. डबा घेऊन या, काम भरपूर आहे."